धारेवरची शाई

पटाशी एकाच कोनात धरून दगडावर फिरवायची छोटी चाकाची गाडी ताईने दुकानदारापुढे आदळली. "हिने माझ्या वडिलांच्या पटाशीची धार तिरकी केली. आता पुन्हा घासायचं, तर पोलाद नखाएवढंच उरलंय."

"ताई, माल चोख आहे."

"आपल्या मालाला कधी कोणी वाईट म्हणालंय का, काका?"

दुकानदाराने त्याच गाडीत नवी पटाशी आवळून फिरवली. धार सरळ आली. हातचलाखी तर नाही ना, म्हणून ताईने ती उजेडात उलटसुलट पाहिली आणि आपली पटाशी शेजारी ठेवली. तेव्हा कुठे तिला दिसलं. अरुंद कोपऱ्यात शिरावी म्हणून वडिलांनी तिची एक कड निमुळती घासली होती. गाडी नेमकी कडांनाच धरायची, त्यामुळे पातं तिरकं बसायचं.

"मग वरून दाबून धरणारी घ्या," दुकानदार दुसरी गाडी काढत म्हणाला.

"आधी शाई द्या."

ताईने आपली पटाशी त्या गाडीत आवळली, दगड कुठे घासतो ते दिसावं म्हणून धारेवर शाई फासली आणि पटाशी दुकानातल्या दगडावरून एकदाच अलगद ओढली. शाई फक्त तिरक्या धारेच्या पुढे आलेल्या टोकाला पुसली गेली; म्हणजे पातं आता सरळ बसलं होतं. ताईने पुन्हा शाई फासली.

"आता काय?" दुकानदाराने कपाळाला हात लावला.

"आता तुमच्या नाही, माझ्या दगडावर. तो पिशवीत आहे."