माझा एक पाय आखूड

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. चार पायांची, उघडमिटीची. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका सुतारानं मला घडवलं. तीन पाय त्यानं नीट कापले आणि चौथ्याच्या वेळी नेमका चहा आला. तो पाय बोटभर आखूड राहिला, तो आजतागायत.

मित्रांनो, लग्नात नवरदेवाच्या घोडीचे सगळे फोटो काढतात. शिडीचा कोणी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण माझ्यावाचून एकही तोरण वर चढलं नसतं, हे मी तोऱ्यात सांगते.

माझे मालक इंद्रजीत आणि मालकीण पिंकीताई यांचा लग्नमंडप सजवायचा धंदा. इंद्रजीत वर चढून झेंडूच्या माळा बांधत. पिंकीताई खालून माळा देत आणि माझ्या आखूड बाजूच्या पायरीवर पाय रोवून उभ्या राहत. मग मी जराही हलत नसे.

चार वर्षांपूर्वी पिंकीताई बहिणीकडे राहायला गेल्या. भांडण कशाचं, ते मला ठाऊक नाही. शिडीला घरात कोण घेतं? धंदा मात्र दोघांनी मोडला नाही. टेम्पो एक, जेवणाचे डबे दोन. लोक कुजबुजत, "सोता वेगळं ऱ्हात्यात अन् दुसऱ्याची लग्नं सजवत्यात!" तरी सजावट त्यांना ह्यांचीच हवी असे.

गेल्या वैशाखात इंद्रजीतनी ॲल्युमिनियमची नवी शिडी आणली. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

"ही हलतच न्हाई. आता तुला ताटकळत उभं ऱ्हायला नगं," ते पिंकीताईंना कौतुकानं म्हणाले.

पिंकीताईंचा चेहरा उतरला. "म्हंजी माजं कामच संपलं की! माळशिरसचं लग्न तेवढं करते. मग बहिणीच्या शिलाईच्या दुकानात बसते."

माळशिरसला मलाही नेलं, ओल्या माळा अडकवायला! वऱ्हाड यायला दोन तास होते. इंद्रजीत नव्या शिडीवर चार पायऱ्या चढले, खाली बघितलं आणि उतरले. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. मुलीचे वडील घड्याळ बघत येरझाऱ्या घालू लागले.

"पिंकी, जरा पाय दे की," शेवटी इंद्रजीत म्हणाले.

"ती हलत न्हाई म्हनला हुता की तुमी!"

"शिडी न्हाई हलत गं. मी हलतुय."

पिंकीताईंनी हातातली माळ खाली ठेवली. मग उठल्या, नव्या शिडीला वळसा घालून माझ्याकडे आल्या आणि माझ्या अंगावरच्या माळा उतरवून मला उघडलं. "मग हिच्यावरच चढा. हिला आपली सवय हाय," त्या हसून म्हणाल्या. त्या दिवशी वऱ्हाड दारात यायच्या आत तोरण लागलं.

पिंकीताई काही शिलाईच्या दुकानात बसल्या नाहीत. दोघं अजून वेगळेच राहतात. डबेही दोन आहेत, फक्त शेंगाचटणी एका डब्यातून दुसऱ्यात जाते. नवी शिडी पंखे पुसायला असते. बिचारी!

परवा सुताराला बोलावून त्यांनी माझे खिळे बदलून घेतले. त्यानं आखूड पायाखाली लाकडाचा तुकडा धरला मात्र, दोघंही एकदमच ओरडले, "त्यो ऱ्हाऊ दे!"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांचे खिळे घट्ट करा, त्यांना उन्हापावसात टाकू नका. माझीही काळजी घ्या. फक्त माझा हा एक पाय आहे तसाच राहू द्या.