तिरप्या उजेडातल्या चुण्या

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे आणि मी रागावलेलो आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. का, ते ऐका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. बिडाची जड बैठक, तिच्याखाली चार चाकं, वर उभा दांडा आणि दांड्याच्या टोकाला पोलादी कड्यांची मान. मानेवर पत्र्याची टोपी, टोपीत पिवळा बल्ब. वळवाल तिकडे मान वळायची आणि तिथेच थांबायची. गुण म्हणाल तर एवढाच. पण या एका गुणावर मी रुग्णालयात वीस वर्षं काढली. घशातला फोड, टाचेत रुतलेली काच, कानात गेलेला मणी, सगळं मी दाखवलं. तेव्हाच्या सिस्टर म्हणायच्या, "डॉक्टर उशिरा आले तरी चालेल, आधी तो दिवा आणा."

मग छतात चौकोनी पांढरे दिवे बसले. त्यांच्या उजेडात सावली पडत नाही, याचं सगळ्यांना कोण कौतुक! मला तपासणीच्या खोलीत दाराआड ढकललं. माझ्या मानेवर डॉक्टरांचे कोट लटकू लागले. दिव्याची खुंटी झाली. याचाही मला राग आला होता, पण तो माझ्यापुरता होता. खरा राग पुढचा आहे.

त्या खोलीत कर्करोगातून उठलेल्या बायका यायच्या. ज्यांचा स्तन शस्त्रक्रियेत काढावा लागला, त्यांना मोठे डॉक्टर तो पुन्हा घडवून द्यायचे. कातडीखाली मऊ जेलची पिशवी ठेवायची, तिला इम्प्लांट म्हणतात. मोठे डॉक्टर हाताचे कुशल, यात शंका नाही. कामाला शिस्तही होती. कोपऱ्यात निळा पडदा, जमिनीवर रंगवलेली दोन पावलं. त्या पावलांवर ताठ उभं राहायचं आणि पाच फोटो द्यायचे: समोरून एक, दोन्ही बाजूंनी दोन-दोन. छापील कागदावर पाचच चौकोन होते. पाच फोटो चिकटले, खाली "निकाल उत्तम" असा शिक्का बसला, की फाइल बंद. फाइल बंद झाली की त्या बाईचं प्रकरण संपलं. पुन्हा शस्त्रक्रिया म्हटलं तर कुणी दारात उभं करत नसे.

एके दिवशी अशी पिशवी बसवलेल्या एक सडपातळ बाई आल्या. कापडाच्या गिरणीत कापड तपासण्याचं काम करायच्या. दिवसभर तिरक्या टेबलावर वाकून सरकत्या कापडातला दोष शोधायचा. सोबत त्यांची मोठी जाऊ होती, अंगाने भरलेली आणि तोंडाने फटकळ.

"डॉक्टर, वाकलं की इथे चुण्या पडतात," बाई म्हणाल्या. "वरच्या बाजूला. हाताला लागतात आणि दिसतातही. कामावर सारखी एका हाताने ब्लाउजचा गळा धरून वाकते मी."

मोठ्या डॉक्टरांनी त्यांना पावलांवर ताठ उभं केलं. छतातल्या दिव्यांखाली पाहिलं. "कुठे? मला तर काही दिसत नाही."

"वाकल्यावर दिसतात."

"बारीक अंगाला थोडंफार असतंच. जरा खात-पीत जा, अंग भरेल. आणि जिवावरचं बोटावर निभावलं म्हणायचं, बाई. कपड्यात कुणाला कळतंय?"

"हिला कळतंय की!" जाऊबाई म्हणाल्या. "कपडे काय फक्त लोकांसाठी घालायचे?"

डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत.

मित्रांनो, यात खरं काय होतं ते सांगतो. आत ठेवलेल्या पिशवीला घड्या पडतात. अंगावर मांस असेल तर त्या झाकल्या जातात. सडपातळ बाईच्या कातडीखाली झाकायला फारसं काही नसतं, त्यामुळे आतली घडी बाहेर उमटते. वाकल्यावर पिशवी पुढे झुकते, तेव्हा तर जास्तच. बाईंच्या मनाचा खेळ नव्हता तो. पण सावली न पाडणाऱ्या उजेडात, ताठ उभ्या माणसाच्या अंगावर, चुणी दिसणार कशी? जिथे दिसायची नाही तिथेच बघायचं आणि वर "दिसत नाही" म्हणायचं! मी दाराआडून पाहत होतो. माझ्या डोक्यावर दोन कोट होते.

दुसऱ्या खेपेला पाच फोटो निघाले. पाचही गुळगुळीत. तिसऱ्या खेपेला फाइल टेबलावर उघडी होती आणि शिक्का डॉक्टरांच्या हातात. त्या दिवशी खोलीत नुकत्याच रुजू झालेल्या एक डॉक्टरबाईही होत्या.

"फोटो बघा ना तुम्हीच," मोठे डॉक्टर म्हणाले. "कागद खोटं बोलत नाही."

बाईंनी फोटो हातात घेतले. गिरणीतला नमुना तपासावा तसे एकेक तिरपे धरून पाहिले आणि खाली ठेवले.

"डॉक्टर, आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. समोरच्या उजेडात कापड पास करायचं नाही. चुणी तिरप्या उजेडात दिसते. तुम्ही मला समोरच्या उजेडात पास करताय." मग त्यांची नजर फिरत दाराआड आली. "सिस्टर, ते कोटांखाली काय आहे? दिवा आहे का?"

"आहे, पण जुना झालाय तो."

"चालतो का?"

"चालायला काय झालंय! चाकं तेवढी कुरकुरतात."

कोट उतरले. चाकं कुरकुरली. इतक्या वर्षांनी माझ्या मानेला माणसाचा हात लागला. बाईंनी स्वतः मला खांद्याच्या उंचीवर, एका बाजूला उभं केलं आणि छतातले दिवे बंद करायला सांगितले. मग तपासणीच्या पलंगावर दोन्ही हात टेकून त्या वाकल्या, जशा रोज आठ तास वाकायच्या तशाच.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

मी माझं काम केलं. एक, दोन, तीन, चार. वाळूवर पाण्याच्या रेघा उमटाव्यात तशा चार चुण्या, प्रत्येकीच्या कडेला तिची सावली. नव्या डॉक्टरबाई पुढे आल्या आणि त्यांनी बोटाने मोजल्या.

"चार आहेत, सर."

"हं," मोठे डॉक्टर म्हणाले. शिक्का त्यांनी खणात ठेवला. माफी मात्र मागितली नाही, हे मी विसरलेलो नाही.

सहावा फोटो निघाला, वाकलेला, माझ्या उजेडात. कागदावर त्याला जागा नव्हती. नव्या डॉक्टरबाईंनी पेनाने सहावा चौकोन आखला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुनी पिशवी काढून जास्त घट्ट जेलची बसवायची, म्हणजे घड्या कमी पडतील. मांडीतली थोडी चरबी बारीक नळीने काढून कातडीखाली पसरायची, म्हणजे वर थर येईल. "पण तुमच्या अंगावर चरबीच कमी. शिवाय घातलेल्यातली काही जिरून जाते. दोनदा करावं लागेल. आणि सगळं सपाट होईलच असं मी म्हणणार नाही."

"चरबीच हवी ना?" जाऊबाई पुढे सरसावल्या. "माझी घ्या की! हवी तेवढी घ्या, परत मागणार नाही."

"दुसऱ्याची चालत नाही हो, ज्याची त्यालाच लागते."

"बघा! आयुष्यात पहिल्यांदा दान करायला निघाले, तर घ्यायला कुणी नाही."

त्या दिवशी बाई पहिल्यांदा हसल्या.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. मधे महिने गेले, सूज आली, उतरली, मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. शेवटच्या तपासणीला सिस्टरनी न सांगता मला पुढे ओढलं. बाई वाकल्या. तीन चुण्या गेल्या होत्या. काखेकडची एक उरली होती, केसाएवढी.

"हिच्यासाठी पुन्हा प्रयत्न करता येईल," नव्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नको. एवढीचं मला काही वाटत नाही, आता मी दोन्ही हातांनी काम करते." बाईंनी बटणं लावली. "पण फाइलीत लिहा, एक आहे म्हणून. नाही असं लिहू नका."

डॉक्टरबाईंनी शिक्का उचलला नाही. हाताने लिहिलं: "एक बारीक चुणी शिल्लक. वाकल्यावर दिसते." बाईंनी ते वाचलं आणि मगच सही केली.

आता कागद नवीन छापून आले आहेत, सहा चौकोनांचे. पण माझा राग त्याने निवत नाही. कपाटात पाच चौकोनांच्या जुन्या फाइली आहेत, एकावर एक, सगळ्यांवर "निकाल उत्तम". त्यातल्या किती बायका एका हाताने गळा धरून वाकत असतील, कोण जाणे. त्यांना गिरणीतलं काम ठाऊक नव्हतं आणि मी कोटांखाली होतो.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी म्हणालं, की मला इथे काहीतरी होतंय, आणि तुम्हाला ते दिसलं नाही, तर त्या माणसाला खोटं पाडण्याआधी दिवा हलवा. आणि दाराआड माझ्यासारखा कुणी उभा असेल, तर त्याच्या मानेवर कोट अडकवू नका.