मुद्देमाल क्रमांक सतरा

माझा अकरा वर्षांपूर्वीचा एक श्वास पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत राहतो, आणि त्याची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे. खोटं सांगत असेन तर तोंड हुंगा. मेहुण्याच्या साखरपुड्यात देशी संत्रा पिऊन टेम्पो हाकत येताना जकात नाक्यावर पोलिसांच्या नळीत मी तो फुंकला. खटला संपला, टेम्पो विकला, बाटली सोडली. श्वास मात्र तिथेच जप्त राहिला.

परवा दुपारच्या शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हरची जागा निघाली. या वयात दुसरं काम कोण देणार? पण चारित्र्याचा दाखला हवा, आणि त्यावर गुन्ह्यांच्या रकान्यात ‘निरंक’.

हवालदार पाखरेबाईंनी रजिस्टर उघडलं. “नाईकवडे काका, मुद्देमाल पडून आहे तोवर निरंक कसं लिहू? घेऊन जा की तुमचा तुम्ही.”

“देता?”

“देते. त्यानं ओळखलं तर.”

त्याच्यासाठी खोलीची भिंत तीनदा मागे सरकवली होती. आम्ही चालत टोकाला पोचलो. तो बाकावर मांडी घालून बसला होता, गुबगुबीत, केशरी. त्यानं माझं तोंड हुंगलं.

“हा माझा माणूस नव्हे. याला वासच नाही.”

“अरे, मी सोडली!”

“सोडली म्हणजे मलाच सोडलं ना?”

पाखरेबाईंनी शेरा लिहिला : ओळख पटली नाही. मग पेन कानावर खोचून हळू आवाजात म्हणाल्या, “वास जुळवून या, काका. साहेब साडेबाराला जेवायला जातात.”

घरी अनसूयेनं सगळं ऐकलं. “अकरा वर्षं, अहो,” एवढंच म्हणाली. मग पेला तिनंच धुऊन दिला.

श्वासानं मला लांबूनच ओळखलं. “आलास होय रे दगडू!” पण तो अंगात शिरेना. पाखरेबाईंनी पंचनामा काढून दाखवला. जप्ती स्टिअरिंगवर झालेली, तेव्हा सुपुर्दगीही स्टिअरिंगवरच करायची. शाळेची व्हॅन मागवली. चहाच्या टपरीवरचे दोघे पंच म्हणून माझ्या शेजारी बसले. मी चावी फिरवली तसा तो आत आला, इतका की शर्टाची बटणं तुटली.

पाखरेबाईंनी शिक्का मारला. निरंक. दाखला पुढच्या काचेवर चिकटवला. कागद पसरत गेला आणि रस्ता दिसेनासा झाला. मी ब्रेकसाठी पाय खाली सोडला. व्हॅनचा तळ बराच खोल गेला होता. पंच सह्या करून उतरले होते.

मागच्या सीटांवर गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवलेली अठरा पोरं बसली होती.

“काका,” एक मुलगी म्हणाली, “प्रार्थना सुरू होईल. चला ना.”