पोपटी भिंतीवरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे आणि जरा तापट आहे. शाळेत वाढलेल्याला तापट व्हायला वेळ लागत नाही. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या एका शाळेतला मोठा फळा फुटला, तेव्हा तिथल्या शिक्षिका रूपालीबाई त्याचा एक धड तुकडा घरी घेऊन आल्या. त्यांचे यजमान कैलासराव यांनी तानबा सुताराकडून त्याला सागाची चौकट करून घेतली आणि वर बिजागरीने लाकडी पट्टी बसवली. अशी मी सिनेमाची क्लॅप झाले. चित्रीकरण सुरू होताना माझ्यावर खडूने प्रसंगाचा क्रमांक लिहायचा, मला कॅमेऱ्यापुढे धरायचे आणि पट्टी खट्कन आपटायची. त्या आवाजावरून पुढे चित्र आणि संवाद जुळवतात. काम क्षणाचे, पण माझ्यावाचून पान हलत नसे.

कैलासराव हिंगणघाटचे, हाडाचे नट. मुंबईत त्यांनी मालिकांतून बरीच वर्षे काम केले. काम म्हणजे कधी हवालदार, कधी माळी, कधी लग्नात पाणी वाढणारा. तुमच्या त्या वऱ्हाडीत बोला, लोक हसतात, असे त्यांना सांगितले जाई. एकदा मोठ्या मिनतवारीने त्यांना रडण्याचा प्रसंग मिळाला. त्यांनी जीव ओतला, पण बोली ऐकून सगळे हसत सुटले आणि तो प्रसंग विनोदी म्हणूनच दाखवला गेला. त्याच महिन्यात कैलासराव गाशा गुंडाळून परत आले. आपल्या बोलीत आपणच सिनेमा करायचा, आणि त्यात कुणी हसता कामा नये, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला.

गोष्ट साधी होती. शहरात गेलेल्या मुलाची वाट बघणारी एक म्हातारी. घर मिळाले हिंगणी गावात, भागीरथाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंचे. पांढऱ्या मातीच्या भिंतीचे पोपडे निघालेले, चुलीमागे धुराचा काळा पट्टा. ती भिंत बघून कैलासराव नाचायचेच बाकी राहिले होते. बाईंना मात्र ते एवढेच म्हणाले, "मावशी, घर लय साजरं आहे." म्हातारीचे कामही भागीरथाबाईच करू लागल्या आणि त्यांच्याइतकी चांगली नटी मी पाहिली नाही. चहा पिता पिता कैलासरावांनी त्यांना मुंबईच्या अपमानाची गोष्ट सांगितली. कुणाच्या बोलण्याला असे हसू नये, म्हणून बाई कितीतरी वेळ हळहळल्या.

अर्धा सिनेमा झाला आणि दिवाळी आली. पाठोपाठ मुकेश कॅमेरावाला लग्नांच्या कामात अडकला. आम्ही हिंगणीला परत गेलो, तेव्हा भिंत पोपटी झाली होती. झगझगीत तैलरंग, खाली लाल पट्टा, दारावर शुभ लाभ. भागीरथाबाई नवे लुगडे नेसून हसत उभ्या होत्या. आमचे घर मोठ्या पडद्यावर दिसणार, मग ते काय तसेच ठेवायचे, असे त्या म्हणाल्या. आधी टिपलेल्या अर्ध्या सिनेमात मात्र म्हातारी पोपडे निघालेल्या भिंतीपाशी वाकली होती. ती आता पोपटी भिंतीपाशी सरळ कशी होणार?

"लय साजरं केलं, मावशी," असे म्हणून कैलासराव गाडीमागे गेले आणि त्यांनी मला दगडावर फेकले. माझी चौकट तडकली. वड्याचे तेल वांग्यावर, दुसरे काय. भिंत तशीच ठेवा, एवढे चार शब्द आधी बोलायला यांची जीभ उचलली नाही, आणि मार मी खाल्ला. मला त्याचा अजून राग आहे.

त्यानंतर सगळेच रखडले. दुसरी घरे पाहिली, तशी भिंत कुठे मिळेना. पुण्याचा एक निर्माता उरलेले काम करून द्यायला तयार होता, पण संवाद शुद्ध मराठीत हवेत, वऱ्हाडी फक्त नोकराच्या तोंडी, ही त्याची अट. कैलासरावांनी त्याला घराबाहेर काढले आणि मग आठवडाभर आमच्यावर चिडचिड केली. मावशींना खरे सांगा, असे रूपालीबाई सांगून थकल्या. त्यांना वाईट वाटेल, एवढेच उत्तर. मला तर माठावर झाकण म्हणून ठेवले. फळ्याने ओलावा सोसायचा म्हणजे काय ते मलाच ठाऊक.

शेवटी डोळे तपासायला वर्ध्याला आलेल्या भागीरथाबाईच आमच्या घरी आल्या. त्यांनी मला माठावरून उचलले, पदराने पुसले आणि विचारले, "पिच्चर काऊन थांबलं?"

कैलासराव खाली बघत म्हणाले, "मावशी, मले ते पोपडेच पाहिजे होते."

बाईंनी पदराला लागलेला खडू झटकला. मग म्हणाल्या, "म्हंजे तुह्या बोलीवर थे लोक हासत, अन् माह्या घरावर तू लोकायले रडवनार होता."

कैलासरावांचा चेहरा उतरला. मुंबईत त्यांच्यावर सगळे हसले होते, तेव्हाही तो असाच उतरला असेल. मग त्यांनी बाईंना आयुष्यात पहिल्यांदा विचारले की घर कसे दाखवू. बाईंनी मला मांडीवर ठेवले. "पोरगा येनार म्हनल्यावर कोनती माय भिंत तशीच ठेवन?"

सिनेमात आता म्हातारी स्वतः भिंत रंगवते. शेवटच्या प्रसंगाला भागीरथाबाई नवे लुगडे नेसून पोपटी भिंतीपुढे ताठ बसल्या. माझी पट्टी आपटली, तेव्हा तडकलेल्या चौकटीतून खट्च्या जागी ठप्प असा आवाज आला. तरी चालला.

सिनेमा पुरा झाला, पण चित्रपटगृह मिळत नाही. ही भाषा कोण बघणार, असे विचारतात. कैलासराव पुन्हा मालिकेत हवालदार झाले आहेत, आणि ते ऐकले की माझे लाकूड आजही तापते. मला मात्र भागीरथाबाईंनी मागून घेतले. मी त्यांच्या पोपटी भिंतीवर खिळ्याला आहे.

मित्रांनो, तुम्हाला कुणाचे घर आवडले, बोली आवडली, तर काय आवडले ते आधी त्याच्या तोंडावर सांगून बघा. सांगायची लाज वाटली, तर त्या आवडण्यातच खोट आहे असे समजा. आणि हिंगणीला आलात तर मला हात लावा, पण पुसू मात्र नका. माझ्यावरची शेवटची अक्षरे कैलासरावांच्या हातची आहेत. प्रसंगाच्या क्रमांकाखाली, जिथे दिग्दर्शकाचे नाव लिहितात, तिथे त्यांनी भागीरथाबाई असे लिहिले आहे.