सतरावं पान

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेल्या बाइंडरबुवांच्या घरात एकही पुरतं पुस्तक नसावं, याचं त्यांच्या बायकोला भारी नवल वाटे. त्यांना मात्र वाटत नसे. त्यांच्या हिशेबाने घरात चांगली त्रेचाळीस पुस्तकं होती, आणि तीही स्वतःच्या हाताने बांधलेली.

भानगड अशी होती. मोठ्या कागदावर एकदम सोळा पानं छापतात, त्याची घडी घातली की झाला एक फर्मा. असे चार-पाच फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. छपाई सुरू करताना रंग नीट उतरेपर्यंत पहिला फर्मा हमखास जास्तीचा निघे आणि रद्दीत जाई. लेक तीन वर्षांची झाली तेव्हा बुवांच्या डोक्यात आलं, की ही रद्दी नाही, खजिना आहे. पोरीला वाचनाची गोडी लागावी, आपल्यासारखं जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना नुसता डिंक लावत बसू नये, एवढी एकच हौस होती त्यांना. मग गोष्टींच्या पुस्तकांचे पहिले फर्मे ते मागून आणू लागले. एकेका फर्म्याला जाड पुठ्ठा, कापडी पाठ, वर चिकटवलेलं चित्र. आतल्या पानांपेक्षा पुठ्ठाच जाड, पण थाट असा की विचारू नका.

"अहो, सोळा पानांवर गोष्ट तुटते," बायको म्हणे. "पोरीने पुढचं काय समजायचं?"

"लहान आहे ती. सोळा पानं पुष्कळ झाली."

आणि खरंच, लेकीचं काही अडत नव्हतं. फुगऱ्या गालांमुळे तिला सगळे खारू म्हणत. रोज संध्याकाळी ती बाबांच्या मांडीत बसून ऐके. सहाव्या वर्षी स्वतः वाचू लागली. सोळावं पान झालं की पुस्तक मिटून पुढची गोष्ट मनानेच सांगे, आणि बुवा खूश होऊन मान डोलवत.

मग शाळेतून बोलावणं आलं.

"तुमची मुलगी वाचत नाही," वर्गाच्या बाई म्हणाल्या.

"असं कसं? घरी तर..."

"घरचं मला माहीत नाही. वाचनाच्या तासाला छान सुरुवात करते आणि मध्येच पुस्तक फटकन मिटते. मग पुटपुटत बसते. पुढचं वाच म्हटलं तर सांगते, संपलं! इतकं धडधडीत खोटं?" बाईंनी आवाज खाली आणला. "रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. काही मुलांना गोडीच नसते हो. सोमवारपासून मी तिला त्या तासाला चित्रं रंगवायला बसवणार आहे."

घरी आल्यावर बुवांनी खारूला समोर बसवलं.

"पुस्तक मध्येच का मिटतेस गं?"

"मध्येच कुठे? सोळा झाली की मिटते." खारूला बाबांच्या अडाणीपणाचं हसू आलं. "मग आपण सांगायचं असतं ना? पण बाई सांगूच देत नाहीत."

शंभर प्रतींच्या थप्पीत एक फर्मा उलटा लागला तरी लांबून ओळखणारे बुवांचे डोळे, आणि घरातली एवढी मोठी चूक त्यांना तीन वर्षं दिसली नव्हती. बायको फळीवरची पुस्तकं नीट लावत राहिली. ती चार शब्द बोलली असती तर त्यांना जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात मुकादमाकडे एक पूर्ण प्रत मागितली.

"पूर्ण? तुम्ही?" मुकादम म्हणाला. "तब्येत बरी आहे ना?"

प्रत नावाड्याच्या हट्टी बदकाच्या गोष्टीची होती. घरच्या फळीवरचं सगळ्यात पहिलं पुस्तक तेच. त्यात सोळाव्या पानावर बदक धुक्यात नाहीसं होई आणि खारूच्या मते ते दुसऱ्या नावाड्याकडे नोकरी बघायला जाई. वाटभर बुवांच्या मनात एकच भीती होती. पोरीला पुढचं नकोच असलं तर?

संध्याकाळी खारूने वाचलं, सोळाव्या पानावर सवयीने पुस्तक मिटलं आणि सुरू केलं, "मग बदक म्हणालं..."

"थांब. पुस्तक परत उघड."

"संपलं ना, बाबा."

"उघड तर खरं. समोरचं पान बघ."

तिने उघडलं. समोरच्या पानाखालचा आकडा बोट ठेवून वाचला, पुन्हा वाचला.

"बाबा, हे सतरावं आहे. चुकून लागलंय का?"

"नाही गं बाळा," बुवा म्हणाले. "हे बरोबर लागलंय. चूक माझीच होती."

खारूने ते पुढचं ऐकलंच नाही. ती वाचू लागली होती. अठरा, एकोणीस, वीस. आईने जेवायला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा बुवांनीच बायकोला खुणेने गप्प केलं. चौसष्टाव्या पानावर बदक दीपस्तंभात सापडलं, तेव्हा खारूने नाक मुरडलं. "माझं बदक जास्त हुशार होतं."

मग ती एकदम उठली. फळीवरची बाकीची बेचाळीस पुस्तकं तिने खाली ओढली, एकेक शेवटाशी उघडून जमिनीवर मांडत गेली.

"बाबा, ह्याचं सतरावं कुठाय?"

"आणतो."

"आणि ह्याचं?"

"तेही आणतो."

"ह्याचं?"

सोमवारी बाईंना काय सांगायचं ते बुवांना आता पाठ होतं. ते लेकीजवळ फतकल मारून बसले, कानावरची पेन्सिल काढली आणि यादी लिहायला घेतली. खारू बेचाळीस वेळा तेच विचारत होती, आणि दर वेळी त्यांना ते नव्याने ऐकायचं होतं.