कुंकवाचं कडं

चिमाजींनी चिंचवडच्या एका कंपनीत चौतीस वर्षं इंजिनाचे व्हॉल्व्ह तपासले आणि त्यातला एकही इंजिनात बसताना पाहिला नाही. गंमत वाटेल, पण खरं आहे. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या माथ्यातली झाकणं, लांब दांड्याच्या अळंबीसारखी दिसणारी. ती खोक्यातून यायची, चिमाजी भिंग लावून बघायचे, नाक मुरडायचे आणि पुढच्या खोक्यात टाकायचे. पुढे त्यांचं काय होतं, हे त्यांच्या खात्यात येत नव्हतं. नाक मुरडणं मात्र खात्यात होतं आणि निवृत्तीनंतर ते रहाटणीच्या घरीही सुरू राहिलं. बटाट्याच्या फोडी सारख्या नाहीत, टॉवेलची घडी तिरकी आहे, असं दिवसभर चाले. बायको कस्तुरा एका कानाने ऐकायची आणि दुसऱ्या कानाने सोडून द्यायची.

अशा माणसाला काम हवंच होतं, आणि ते रावेतच्या अण्णासाहेबांच्या रूपाने सकाळच्या फिरण्यात भेटलं. अण्णासाहेब जुने गावकरी. त्यांच्या वडिलांनी बासष्ट साली घेतलेली फियाट अजून शेडमध्ये उभी होती. सगळा गाव तिला डुक्कर फियाट म्हणायचा आणि अण्णासाहेबांना त्याचा मनस्वी राग यायचा. गाडी सुरू झाली तर चार वेळा खोकायची, निळा धूर सोडायची आणि फाटकापर्यंतही न जाता बंद पडायची.

"पोरगं म्हंतंय, दिऊन टाका," अण्णासाहेब म्हणाले. "त्येच्या दोस्ताचं हायवेला हाटेल हाय. दारात उभी करायची, बानेट काढून आत झाडं लावायची म्हनं. लोक फोटू काढतील."

त्यांचा मुलगा दिग्विजय तसा वाईट नव्हता. त्याने बापाला मुदत दिली होती. दसऱ्याला दुपारी चार वाजता हॉटेलचा टेम्पो येणार होता. तोवर गाडी स्वतःच्या चाकांनी फाटकाबाहेर पडली तर राहील, नाहीतर जाईल.

चिमाजींना हे ऐकून जरा जास्तच लागलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कंपनीने एकदाच बोलावलं होतं, वर्धापनदिनाला. पहिल्या रांगेत बसवलं, हातात पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला आणि जेवायला सांगितलं. शॉपमध्ये जाऊन येतो म्हटलं तर सिक्युरिटीवाल्याने अडवलं. कामाच्या वस्तूत झाडं लावून ती दारात उभी करायची, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. "करतो मी," ते म्हणाले, आणि म्हणून बसल्यावर त्यांना आठवलं की आपण हे कधी केलेलं नाही.

पण व्हॉल्व्ह त्यांना कळत होते. इंजिनाचा माथा उघडल्यावर दुखणं लगेच सापडलं. आठही व्हॉल्व्ह झिजलेले, चारांच्या कडा तर जळून कातरलेल्या. पुण्यातल्या एका जुन्या पार्टवाल्याकडून त्यांनी नवे आणले, माथा रिक्षात घालून रहाटणीला नेला आणि गॅलरीत मांडला. मग पाच दिवस एकच उद्योग. व्हॉल्व्हच्या कडेला खरखरीत लेप लावायचा, तो माथ्यातल्या त्याच्या बैठकीत, म्हणजे बसायच्या खाचेत, ठेवायचा आणि रबराची वाटी लावलेली काठी तळहातांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. घासता घासता प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या बैठकीशी मिळून येतो. मग तो तिथेच बसतो, शेजारच्या बैठकीत ठेवला तर हवा सोडतो.

त्यासाठी चिमाजींनी बुटाच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडली, एक ते आठ आकडे घातले आणि व्हॉल्व्ह क्रमाने खोचून ठेवले. साधा मेकॅनिक असता तर व्हॉल्व्हवरच खुणा केल्या असत्या. पण व्हॉल्व्हवर ओरखडा म्हणजे चिमाजींच्या लेखी पाप होतं.

खंडेनवमीच्या सकाळी ते झेंडूची फुलं आणायला गेले. परत येऊन पाहतात तर देवघरापुढे पाटावर त्यांची हत्यारं मांडलेली. पान्हे, पक्कड, व्हर्नियर, सगळ्यांना हळदकुंकू. दरवर्षीचंच ते. पण मधल्या ताटात आठही व्हॉल्व्ह पितांबरीने लख्ख घासून, हळदकुंकवाची बोटं लावून गोलाकार ठेवलेले होते. बुटाच्या खोक्याचं झाकण रिकामं पडलं होतं.

"अगं, काय केलंस हे," चिमाजी म्हणाले. त्यांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण तिथला टीव्ही बारीक झाला. "पाच दिवसांचं काम. कुठला कुठे होता, आता ब्रह्मदेवाला तरी कळेल का? तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

कस्तुरा काही बोलायच्या आत त्यांनी ताट उचललं, गॅलरीत गेले आणि आठही व्हॉल्व्ह रॉकेलच्या बादलीत ओतले. हळद तरी निघू दे, म्हणून. ठणठण करत ते तळाशी गेले.

कस्तुरा दारात येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. "पहिल्या भोकातला गणपतीच्या सुपारीजवळ ठेवला होता," ती म्हणाली. "मग प्रदक्षिणेच्या वाटेने एकेक. शेवटी आठवा. मला काय कळत नाही होय, आकडे घातलेले असतात ते कशासाठी?"

चिमाजींनी बादलीत पाहिलं. आठ व्हॉल्व्ह, एकावर एक, जसे पडतील तसे. त्यांचा चेहरा इतका उतरला की पाहणाऱ्याला दया यावी. चुकलं, एवढा एक शब्द होता आणि तोही त्यांना म्हणता येईना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला आपली कशी उच्चारायची याचा सराव नव्हता. ते बादलीशेजारी बसले आणि एकेक व्हॉल्व्ह बाहेर काढू लागले.

"आता?" कस्तुराने विचारलं.

"पहिल्यापासून घासायचे तर आणखी पाच दिवस," ते म्हणाले. "नाहीतर जुळवून बघायचे. चार मोठे आहेत, चार लहान. मोठ्याची बैठक मोठ्यांत, लहानाची लहानांत. व्हॉल्व्हच्या कडेला पातळ रंग लावायचा, बैठकीत ठेवून दाबायचा. त्याचीच जागा असेल तर रंगाचं पूर्ण कडं उमटतं. दुसऱ्याची असेल तर मध्येच तुटतं."

"मग लावा रंग."

निळ्या रंगाची ट्यूब त्यांनी कंपनीतून निघताना आठवण म्हणून आणली होती. झाकण उघडलं तर आत दगड झाला होता. दुकानं पूजेसाठी बंद. आणि वर कस्तुराने आठवण करून दिली की पूजलेली हत्यारं आज उचलायची नसतात.

मग कस्तुरा आत गेली आणि कुंकवाचा करंडा व शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन आली. बशीत चिमूटभर कुंकू घेऊन तिने चार थेंब तेल टाकलं आणि बोटाने मळायला घेतलं. लोण्यासारखं झाल्यावर बशी पुढे केली.

"कुंकू लावणं हे काही काम नाही," ती म्हणाली. "पूजाच आहे ती."

चिमाजी हसले नाहीत, पण त्यांना हसू आलं होतं. त्यांनी पहिला मोठा व्हॉल्व्ह पुसला, कुंकू लावलं, पहिल्या बैठकीत दाबला, उचलला आणि डोळे बारीक करून पाहिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. "पूर्ण आहे," ते म्हणाले.

"नाही," कस्तुरा वाकून म्हणाली. "तुमच्या बाजूला तुटलंय. तांदळाच्या दाण्याएवढं."

त्यांनी भिंग आणून पाहिलं. तुटलं होतं.

त्यानंतर चिमाजी नुसते दाबत आणि पुसत राहिले. बघायचं काम तिचं. हा नाही, हाही नाही, हा दाखवा, थांबा, उजेडात धरा, असं दुपारी दोनपर्यंत चाललं. पोळ्या राहिल्या, कालच्या आमटीवर भागलं. एकदा चिमाजी कंटाळून म्हणाले, "एवढं चालून जाईल." कस्तुराने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांनी मुकाट्याने व्हॉल्व्ह पुसला. आठवं कडं पूर्ण उमटलं तेव्हा तिच्या दहाही बोटांना कुंकू लागलं होतं आणि चिमाजींच्या बनियनचा पुढचा भाग लाल झाला होता. ते पाहून दूधवाला बिचारा दारातूनच परत गेला.

दसऱ्याच्या पहाटे उत्तरपूजा करून कस्तुराने हत्यारं मोकळी केली आणि सहाला दोघं माथा घेऊन रावेतला पोचले. स्प्रिंगा चढल्या, नवं गॅस्केट बसलं, नट क्रमाने आवळले गेले. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची फट जुळवता जुळवता अडीच वाजले. सव्वातीनला हॉटेलचा टेम्पो फाटकात येऊन उभा राहिला. पाऊण तासाची सवलत असताना तो लवकर आला, याचा अण्णासाहेबांना फार राग आला.

"बसा तुमी," चिमाजी म्हणाले, आणि आपण अण्णासाहेबांसारखं बोललो हे त्यांनाच कळलं नाही. अण्णासाहेबांनी चावी फिरवली. गाडी कण्हली. पुन्हा फिरवली. गाडी खोकली आणि थांबली. दिग्विजय टेम्पोवाल्याशी काहीतरी बोलत होता, तो बोलायचा थांबला. तिसऱ्यांदा चावी फिरली आणि इंजिन लागलं. आधी अडखळत, मग सरळ, मग असं की बॉनेटवर ठेवलेला पान्हा जराही सरकला नाही. धूर नव्हता. अण्णासाहेबांनी गिअर टाकला, फियाट फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, वळली आणि परत आली.

दिग्विजयने टेम्पोवाल्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि त्याला मोकळाच परत पाठवला. मग तो मागचं दार उघडून आत बसला.

"चिमाजीराव, सोन्याचा हात हाय तुमचा," अण्णासाहेब खाली उतरून म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

चिमाजी हात पुसत होते. एवढं ऐकून गप्प राहिले असते तरी चाललं असतं, कुणाला काही कळलं नसतं.

"न्हाई अण्णासाहेब," ते म्हणाले. "काल मी सगळा घोळ घातला होता. हिने व्हॉल्व्ह नीट क्रमाने ठेवले होते. मीच रागाच्या भरात बादलीत ओतले, वर हिलाच बोललो. चुकलं माझं. परत जुळवले तेही हिने. माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं."

कस्तुरा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिचा हात थांबला.

"मग वहिनी म्होरं बसतील," अण्णासाहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचं दार उघडून धरलं.

चिमाजी मागे दिग्विजयशेजारी गुडघे दुमडून बसले. गाडी रावेतच्या रस्त्याने निघाली, पोरं हात करू लागली. कस्तुरा सरळ समोर बघत होती. आरशात चिमाजींना तिचे भरून आलेले डोळे दिसले. तिला निवांत डोळे पुसता यावेत म्हणून त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.