गाण्याच्या मालकाचं नाव

‘आम्ही तुमचे व्हिडिओ काळजीपूर्वक तपासले आहेत.’ मेलची सुरुवात ही. यातले ‘आम्ही’ कोण, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. नाव नाही, सही नाही, फोन नंबर तर नाहीच. गावात चोरही ओळखीचा असतो, त्याच्या घरी जाऊन दोन शिव्या तरी घालता येतात.

माझी माय पौषात गेली. धुरपदाबाई तिचं नाव. साक्रीच्या पलीकडे डोंगराला लागून आमचं गाव आहे, आणि त्या गावात श्रावणातल्या कानबाई देवीची गाणी उचलायची ती तिनंच. नारळाची कानबाई सजवायची, तिच्यापुढे बायांनी बसायचं, एकीनं ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी झेलायची, अशी आमच्याकडची रीत. ओळ उचलण्याआधी माय हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायची. तो आवाज आला की सगळ्या गप्प व्हायच्या.

मी धुळ्याला देवपुरात राहते, शिवणक्लास चालवते. माहेरी गेले की कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडत बसलेल्या मायला गायला लावायचं, फोनवर व्हिडिओ काढायचा आणि चॅनेलवर टाकायचा, हा माझा नाद. फोनमध्ये जागा राहत नाही म्हणून तिथं टाकला की इथून पुसायचा. सगळं जग हेच करतं. चॅनेल बघणारे फार नव्हते, चार मावश्या, सुरतेला गेलेली गावची माणसं, एवढेच. पण माय गेल्यावर एक बघणारा पक्का झाला, तो म्हणजे माझे वडील.

आम्ही त्यांना आबा म्हणतो. नाव रुपचंद. आयुष्यात त्यांनी मायला कधी ‘छान गायलीस’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. ती गायला बसली की हे बैलांकडे जायचे. आणि आता रोज दुपारी जेवण झालं की ओट्यावर बसून तिचं एकेक गाणं लावायचे. फोन कानाला लावून ऐकायचे, जणू पलीकडून तीच बोलते आहे.

जेठ महिन्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, “रत्ना, तुनी माय लागी नही ऱ्हायनी.”

माय लागत नाही म्हणजे रेंज गेली असेल, असं मला वाटलं. उघडून पाहते तर चॅनेलच नाही. काळ्या पडद्यावर एक वाक्य, आणि मेलमध्ये ते ‘काळजीपूर्वक’. मायचे तीन व्हिडिओ एका म्युझिक कंपनीच्या मालकीच्या गाण्याशी जुळले म्हणे. तीनदा चूक म्हणून चॅनेल बंद. बाकीची गाणी, भरताची वांगी भाजताना आबांना रागावणारी माय, माझ्या पोरीला न्हाऊ घालणारी माय, सगळं एका फटक्यात गेलं. चोरीचा आळ तीन व्हिडिओंवर आणि जप्ती अख्ख्या घरावर, हा कुठला न्याय म्हणायचा?

कंपनीचं नाव वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. ती धुळ्याच्या प्रेमराजची होती. काही वर्षांपूर्वी हाच प्रेमराज माइक घेऊन आमच्या गावात आला होता. देवळापुढे बायांना बसवून त्यानं कानबाईची गाणी भरून घेतली, प्रत्येकीला ब्लाउजपीस दिलं. बाया हरखल्या होत्या, मायनं त्याला जेवू घातलं होतं. मग त्यानं वर कॅसिओ आणि ढोल चढवले, एका तरुण पोरीकडून ओळी गाऊन घेतल्या, आणि गाणं लग्नाच्या डीजेपर्यंत पोचलं. त्या गाण्याच्या सुरुवातीची एकच ओळ मायची आहे, ढोल पडायच्या आधीची. म्हणजे मशीननं मायचा आवाज मायच्याच आवाजाशी जुळवला, आणि चोर तिला ठरवलं.

मी भांडायच्या तयारीनं त्याच्या स्टुडिओत गेले. भांडणही धड झालं नाही. प्रेमराजनं चहा मागवला, मायचं ऐकून खरंच हळहळला. म्हणाला, ताई, मी कुणाची तक्रार केलेली नाही. मी गाणं मुंबईच्या एका कंपनीला दिलं, ती ते सगळीकडे टाकते, आणि जुळणारं काही दिसलं की मशीन आपोआप पकडतं. त्यानं माझ्यासमोर मुंबईला मेल केला. तिकडून उत्तर आलं की हा निर्णय चॅनेल ज्यावर होतं त्या ॲपचा. ॲप म्हणतं, हा वाद तुमचा आणि हक्कदाराचा. मी मधल्या मधे.

ओळखीचे वकील आहेत हितेंद्र भाऊ, त्यांना गाठलं. ते म्हणाले, ॲप चालवणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, त्याला लिही. लिहिलं. पोच तत्काळ आली, तीही अशी गोड की वाटलं आता काम झालं. पुढे उत्तर आलं ते पहिल्या मेलचीच नक्कल होती. तक्रारीचं उत्तर दिलं पाहिजे, असं नियमात असेल. ते माणसानं वाचून द्यावं, असं कुठं लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

शेवटचा एक रस्ता उरला होता, अपील. त्यात एक जबाब भरायचा होता, गाणं कुणाचं आहे याचा. चॅनेल मी मायच्याच नावानं काढलेलं, म्हणून सही तिच्या वारसाची, म्हणजे आबांची. मी लॅपटॉप घेऊन गावी गेले. पर्याय दोनच होते. गाणं माझं किंवा माझ्या वारसाहक्कातलं आहे, हा पहिला. गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, हा दुसरा, आणि त्यापुढे मालकाच्या नावासाठी एक चौकट. हितेंद्र भाऊंनी आधीच बजावलं होतं की पहिल्यावर खूण कर, गाणं आईनं रचलं म्हण, कोण विचारायला येतंय.

मी आबांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, इथं सही करा. त्यांनी हात पुढे केला नाही.

“गानं तिनं नही,” ते म्हणाले. “तिले तिनी सासूनी शिकाडं. बठ्ठासनं शे ते.”

मी म्हटलं, आबा, गाणं तिचं एकटीचं नाही हे मला माहीत आहे, पण यात ‘सगळ्यांचं’ असा पर्यायच नाही. एक सही केली की तुम्हाला तिचा आवाज परत मिळतो. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. त्यांना तो आवाज माझ्यापेक्षा जास्त हवा होता, हे मला दिसत होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा इतका राग आला.

“मी सही करी दिधी,” ते शेवटी म्हणाले, “आनि उद्या भिकुबाई हाईच गानं गाई, तं तिनं बी बंद व्हई. मनी सहीवरी.”

शेजारची भिकुबाई त्या वेळी अंगणात गोवऱ्या लावत होती. तिला यातलं काही कळलं नाही. मला मात्र कळलं, आणि मी हट्ट सोडला. दुसऱ्या पर्यायावर खूण केली आणि मालकाच्या चौकटीत आबांनी सांगितलं ते लिहिलं, ‘कानबाई आणि गावातल्या सगळ्या बाया’. खाली आबांनी लॅपटॉपच्या टचपॅडवर बोटानं वाकडीतिकडी सही केली.

लॅपटॉप मिटायच्या आत निकाल आला. ‘हे गाणे आपल्या मालकीचे नाही, याची आपण पुष्टी केली आहे. सहकार्याबद्दल आभार. हा निर्णय अंतिम आहे.’ मला तो लॅपटॉप विहिरीत फेकावासा वाटला. ज्या माणसानं खरं सांगितलं त्याचं खरं त्याच्यावरच उलटवलं, वर आभार मानले. आबांनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, नाही म्हणतात. ते उठून गोठ्याकडे गेले.

श्रावणात कानबाई बसली. मायच्या जागी बसायला कुणी तयार होईना, शेवटी भिकुबाई बसली आणि तिनं जमेल तसं उचललं. सोमवारी सकाळी विसर्जनाला डीजेची गाडी आली. बाया कानबाई डोक्यावर घेऊन निघाल्या आणि गाडीवाल्यानं प्रेमराजचंच गाणं लावलं. आबा ओट्यावर बसले होते. आधी बांगड्या वाजल्या, मग मायची ती एक ओळ सगळ्या गल्लीवरून गेली, आणि ढोल पडला.

आबा उठून उभे राहिले. गाडी वळेपर्यंत तसेच उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आठे शे ती.”

ती इथं आहे, म्हणाले, मग मी काय करणार? त्यांच्या फोनवर प्रेमराजचं चॅनेल उघडून दिलं.

आता रोज दुपारी ते तेच गाणं लावतात. आधी पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात येते. ती पुढे कशी ढकलायची, हे मी दोनदा शिकवलं, त्यांना जमत नाही. फोन मांडीवर पालथा घालून ते थांबतात, बायको आतून चहा घेऊन येईस्तोवर थांबावं तसे. मग बांगड्या वाजतात, ओळ येते, ढोल पडतो, आणि ते पुन्हा पहिल्यापासून लावतात. पुन्हा जाहिरात. परवा प्रेमराजचा मला फोन आला होता, खुशीत होता, म्हणाला ताई, तुमच्या भागातून आपलं गाणं फार चालतंय.